सराफा: आमच्या लष्करातील एक रस्ता



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बोलले, कवी बोलले, गवई बोलले. मी इंदरगंजातली होमिओपॅथीची डॉक्टर. समोर पाहते तर निम्मी सभा माझे रुग्णच आहेत. त्यांतले काही कॉफी पिऊन आले आहेत, हेही मला इथून कळते. त्यामुळे मंडळाने व्याख्यानाला बोलावले तेव्हा मी म्हटले, मी साहित्यावर काय बोलणार? चिटणीस म्हणाले, तुम्हाला जे येते त्यावर बोला. मला येते ते एवढेच, की समोरच्याची हकीकत नीट विचारून घ्यायची. काय होते, केव्हापासून होते, आईवडिलांना काय होते, घर बदलले का, मनाला काय लागले. आमच्या शास्त्रात औषधापेक्षा ही विचारपूस मोठी. आज मी एका रस्त्याची अशी हकीकत घेऊन आले आहे. तो रस्ता म्हणजे आपला सराफा.

मी हा विषय का घेतला ते आधी सांगते, म्हणजे शेवटी जे मागणार आहे ते मागायला सोपे जाईल. माझे आजोबा वऱ्हाडातल्या कारंज्याहून इथे आले आणि सराफ्यातल्या एका पेढीवर मुनीम झाले. पुढे वडील त्याच पेढीवर बसले. घरात मराठी, देवळात हिंदी, पेढीवर मारवाडी, आणि वह्या मोडीत, असा आमचा संसार. वडील गेल्यावर माळ्यावर लाल कापडाच्या वह्यांचे ढीग निघाले. पावसाळा तोंडावर होता, माळा गळत होता, वाळवी लागली होती. मी रद्दीवाल्याला बोलावले. त्याने तराजू लावला, पैसे मोजले आणि हातगाडी भरून नेली. मला त्या दिवशी हायसे वाटले, हे खरे सांगते.

एक वही मात्र राहिली. दवाखान्यातल्या औषधाच्या कपाटाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली वडिलांनीच कधीतरी ती सारली होती. काही वर्षांपूर्वी कपाट हलवले तेव्हा ती हाती आली. उघडली, आणि मला एक अक्षर वाचता येईना. माझ्याच आजोबांचे अक्षर! अठ्ठावन्नाव्या वर्षी मी मोडी शिकायला बसले. सराफ्याची ही हकीकत त्या वहीने सुरू करून दिली.

आता रस्त्याच्या जन्माकडे येऊ. आपण ‘लष्कर’ हा शब्द इतक्या सहज म्हणतो, की त्याचा अर्थ विसरतो. बाहेरगावचा पाहुणा विचारतो, तुमच्या गावाचे नाव लष्कर कसे? १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला आपली छावणी टाकली. छावणी उठेल, पुढे जाईल, अशीच सवय होती. ती उठली नाही. तंबूंच्या जागी भिंती आल्या, भिंतींवर माळे चढले, आणि छावणीचे शहर झाले. नाव मात्र छावणीचेच राहिले.

ही छावणी कशी असे, याचे वर्णन ब्रॉटन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. तो १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये विलायतेत छापली गेली. त्यात तो सांगतो की मुक्कामाची जागा ठरवायला बिनीवाला पुढे जाई. आधी महाराजांच्या तंबूची जागा निशाण रोवून धरली जाई, मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणे लागत. त्या निशाणांच्या अनुरोधाने दुकाने मांडली, की छावणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांबलचक रस्ता तयार होई. मुक्काम बदलला तरी मांडणी तीच. त्यामुळे नव्या जागीही माणसाला आपले दुकान शोधावे लागत नसे.

हे वाचल्यावर मला सराफा वेगळाच दिसू लागला. आधी गाव वसते आणि मग त्यात बाजार भरतो, असे आपण समजतो. इथे बाजार आधी होता. तो बैलांवर आणि उंटांवर लादून मुलूखभर चालत होता. महाराजांचा तंबू जिथे स्थिरावला तिथे पुढे वाडा झाला आणि वाड्यापाशी सराफ बसले. महाराज बाड्यावरून सराफ्यात शिरताना आजही हेच दिसते. राज्यकर्त्याच्या दाराशी पैसेवाल्याचे दार. सैन्याचा पगार ज्याच्या पत्रावर निघतो, त्याला फार लांब ठेवून चालत नाही.

आपल्या गावाची नावे घ्या, ती अजून छावणीचीच भाषा बोलतात. ‘बाडा’ म्हणजे आपला वाडा. ‘कंपू’ म्हणजे कवायती फौजेचा तळ. ‘जिन्सी’ म्हणजे तोफखाना. ‘हुजरात’ म्हणजे खुद्द महाराजांची पथके. ‘खासगी बाजार’ म्हणजे राजघराण्याच्या खासगीकडचा. ‘चावडी बाजार’ सांगायलाच नको. ‘चिटणीस की गोठ’ म्हणताना आपल्या मुलांना वाटते, इथे गाई बांधत असतील. मोल्सवर्थचा कोश उघडा. गोट म्हणजे सैन्याचा तळ, छावणीतली एका सरदाराची वस्ती. हिंदीच्या तोंडी तो गोठ झाला. फालके बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावणी, ही सगळी त्याच मांडणीची नावे. बिनीवाल्याने रोवलेली निशाणे म्हणा हवे तर.

सराफ्याच्या आजूबाजूला तर ‘ओली’च ‘ओली’ आहेत. दाणाओली, दर्जीओली, डीडवानाओली. माझ्या समजुतीप्रमाणे ही आपली मराठी ‘ओळ’. दुकानांची ओळ. नागपूरच्या इतवारीतही सराफा ओळी आहे, आणि तेही भोसल्यांचे, म्हणजे मराठ्यांचेच शहर. इकडे ळ चा ल झाला एवढेच. पाटीवर हिंदीत ‘दाना ओली’ लिहिलेले असते आणि रिक्षावाला तसेच म्हणतो. शब्द आपला आहे, हे त्याला ठाऊक नाही. पण आपल्याला तरी कुठे ठाऊक असते?

आता या ओळीत बसणारा सराफ काय करी ते पाहू. आज सराफ म्हटले की दागिने. बांगड्या, मंगळसूत्र, काचेची कपाटे, वर थंड हवेचे यंत्र. जुना सराफ मुळात नाणी पारखणारा आणि पैसा हलवणारा. त्या काळी एकच रुपया सगळीकडे चालत नसे. दर संस्थानाची टांकसाळ वेगळी, एकाच टांकसाळीचे जुने नाणे वेगळे, नवे वेगळे, झिजलेले आणखी वेगळे. उज्जैनचा रुपया इथे आणला की किती कापून घ्यायचे, कंपनीचा रुपया किती वर चढतो, हे सराफ ठरवी. कापलेल्या रकमेला बट्टा म्हणत. आपण अजून म्हणतो ना, घराण्याच्या नावाला बट्टा लागला? तो बट्टा सराफाच्या गादीवरून उठून आपल्या बोलण्यात आला आहे. पोतदार आणि पोतनीस आडनावाची मंडळी सभेत असतील. पोते म्हणजे खजिना. सरकारी खजिन्यात आलेले नाणे पारखणारा तो पोतदार, आणि खजिन्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस. म्हणजे सराफा हा काही परक्यांचा रस्ता नव्हता. त्याचे एक टोक आपल्या आडनावांत आहे.

दुसरे काम हुंडीचे. समजा एखाद्या सरदाराला पुण्याला किंवा काशीला पैसे पाठवायचे आहेत. थैल्या बैलावर घालून पाठवाव्यात तर वाटेत चोर, पेंढारी, नदीचे पूर. मग तो इथल्या सराफाकडे रक्कम भरे. सराफ एक चिठ्ठी लिहून देई, की आमच्या तिथल्या आडत्याने ही दाखवणाऱ्याला एवढे रुपये द्यावेत. ती हुंडी. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. कोणाही आगंतुकाला न देता बाजारात पत असलेल्या शहालाच द्यायची ती शाहजोग. या व्यवहाराचा सराफाचा आकार म्हणजे हुंडणावळ. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी लिहून देत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ती परपेठ. पैसे चुकते झाले की हुंडी निकामी करून ठेवत, तिला खोखा म्हणत. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत तर लिहीतच, शिवाय तिची निमपट लिहून तिची दुप्पट असेही लिहीत, म्हणजे आकड्यात कोणी फेरफार केला तर पकडला जाई. स्टँप नाही, शिक्का नाही, फोटो नाही. एक पोस्टकार्डाएवढा कागद, आणि शेकडो कोसांवरचा माणूस तो पाहून रोख पैसे काढून देतो! का? तर लिहिणाऱ्याची पत. या रस्त्यावरचा खरा माल पत हाच होता.

हे लोक कुठून आले? डीडवानाओली हे नावच सांगते. डीडवाना हे मारवाडातले गाव. दूर देशाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या गावाचे नाव इथल्या ओळीला दिले. त्याच ओळीत आमचे दिगंबर जैन सुवर्ण मंदिर आहे, आणि लहानपणी तिथे जाताना वाट सराफ्यातूनच असे. लंडनमध्ये लोंबार्ड स्ट्रीट नावाचा असाच एक जुना रस्ता आहे. इटलीतल्या लोंबार्डी प्रांतातले सोनार आणि सावकार सातशे वर्षांपूर्वी तिथे बसले, म्हणून तो लोंबार्ड. इंग्लंडचे राजे लढाईला पैसा लागला की या परदेशी सावकारांच्या दाराशी जात. पुढे तो रस्ता इंग्लंडच्या पेढ्यांचे माहेरघर झाला. लोंबार्डीवाले आज तिथे नाहीत, नाव मात्र आहे. इटलीतले सावकार बाजारात ज्या बाकावर बसून नाणी मोजत त्याला ‘बांको’ म्हणत, त्यावरून ‘बँक’ हा शब्द झाला. आमच्याकडे बाकाऐवजी गादी होती. म्हणून आपण अजून ‘गादीवर बसला’ म्हणतो. राजाही गादीवर बसतो आणि सावकारही.

या गाद्यांचा पैसा कुठे कुठे गेला याचे एक उदाहरण देते. मथुरेला आपण सगळे जातो, द्वारकाधीशाचे दर्शन घेतो. ते देऊळ १८१४-१५ च्या सुमारास बांधले गोकुळदास पारीख यांनी, आणि ते होते ग्वाल्हेर दरबारचे खजिनदार. स्वतः वैष्णव. पण त्यांनी आपली सगळी संपत्ती ठेवली ती मणिराम नावाच्या जैन मुनिमाच्या हाती. त्या मणिरामांचे घराणे पुढे मथुरेचे शेठ म्हणून देशभर गाजले, आणि त्या घराण्यातल्या पुढच्या पिढीने वृंदावनचे रंगजीचे भव्य देऊळ उभे केले. म्हणजे एक वैष्णव आपली पुंजी जैनाच्या स्वाधीन करतो, आणि त्या जैनाचे मुलगे विष्णूचे देऊळ बांधतात. गोष्ट मथुरेची म्हणून सांगतात, पण तिचे मूळ ग्वाल्हेरच्या खजिन्यात आहे.

आणि बायकांना या रस्त्यावर काम नव्हते असे समजू नका. दौलतराव १८२७ मध्ये गेले, तेव्हा बायजाबाईंनी १८३३ पर्यंत राज्य चालवले. कागलच्या घाटग्यांची ही लेक घोड्यावर बसे आणि हिशेबही पाही. पेढ्यांचा व्यवहार तिला चांगला कळत असे. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीभोवती दगडी खांबांचा मंडप आहे, तो १८२८ मध्ये तिनेच बांधवला. 

आता मी या रस्त्याच्या दुखऱ्या जागेवर हात ठेवणार आहे. रोग्याची हकीकत घेताना तो एखादी गोष्ट टाळतो, तेव्हा आम्ही तिथेच थांबतो.

शिंद्यांच्या राखीव खजिन्याला गंगाजळी म्हणत. १८५८ मध्ये या खजिन्याची जबाबदारी अमरचंद बांठिया यांच्याकडे होती. मूळचे बिकानेरकडचे, धर्माने जैन. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आले. जयाजीरावांची फौज बरीचशी त्यांना जाऊन मिळाली आणि महाराज आग्र्याला गेले. शहर रावसाहेबांच्या हाती आले. फुलबागेत दरबार भरला. खजिना उघडला गेला आणि त्यातून सैनिकांना थकलेले पगार आणि वर बक्षिसी वाटली गेली. पुढे पंधरा-अठरा दिवसांत सगळे संपले. राणी कोटा की सरायजवळ धारातीर्थी पडल्या, सर ह्यू रोजने शहर आणि किल्ला घेतला, महाराज परत आले. खजिना शत्रूच्या हाती दिला म्हणून बांठियांना फाशीची शिक्षा झाली. फाशी दिली ती तुरुंगात नाही. सराफ्यात, भर बाजारात, निंबाच्या झाडाला टांगून. परंपरेने त्याची तारीख २२ जून सांगतात. प्रेत दिवसचे दिवस तसेच टांगून ठेवले होते, असे बाजारातली म्हातारी माणसे आपल्या आज्यांकडून ऐकलेले सांगत.

जागा सराफ्याचीच का निवडली? विचार केला की कळते. ती शिक्षा एका माणसाला होती, आणि इशारा साऱ्या ओळीला. पैसा कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे पुन्हा विसरू नका, असा.

वडील माझे बोट धरून सराफ्यातून नेत तेव्हा त्या जागी क्षणभर थांबत. कधी बोलत नसत. आज तिथे बांठियांचा पुतळा आहे, हार पडतात. पण आमच्या घरी लहानपणी या विषयावर दबक्या आवाजातच बोलत. आणि तुमच्या घरांतही, रागावू नका, हा विषय निघत नसे. कारण या सभेत अशी घराणी आहेत ज्यांचे पूर्वज महाराजांबरोबर राहिले, आणि अशीही आहेत ज्यांचे पूर्वज फुलबागेच्या दरबारात बसले. काही घरांत एक भाऊ इकडे आणि एक तिकडे होता. पुढे दोन्ही शाखांना याच गावात, एकाच गोटात, एकमेकांकडे हळदीकुंकवाला जायचे होते. मग गप्प बसणे हाच तोडगा निघाला.

मुनिमाची मुलगी म्हणून मला एक प्रश्न फार वर्षे टोचत होता. दुसऱ्याची ठेव सांभाळणे हा आमचा धर्म. अचौर्य हे आमच्या पाच व्रतांतले एक. न दिलेले घेऊ नये. मालकाच्या गैरहजेरीत मालकाचा खजिना उघडणारा खजिनदार या व्रतात कसा बसतो? वडिलांना मी हे एकदा विचारले, तेव्हा मी कॉलेजात होते. ते बराच वेळ वही लिहीत राहिले. मग म्हणाले, “बाळ, खजिन्यात पगार थकलेला असला तर तो पैसा कोणाचा?” एवढेच. पुढे काही बोलले नाहीत.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. शिपायाने वर्षभर पहारा केला आणि पगार मिळाला नाही, तर ती रक्कम राजाच्या पेटीत असली तरी शिपायाची आहे, हा मुनिमी हिशेब झाला. जमेच्या बाजूला दिसणारी रक्कम देण्याच्या बाजूचीही असते. पण दुसरी बाजूही सांगते. पैसा फक्त ग्वाल्हेरच्या शिपायांनाच गेला नाही, बाहेरून आलेल्यांनाही गेला. आणि शहर हातात असलेल्या माणसांपुढे खजिनदाराला नाही म्हणता आले असते का, हेही कोणी विचारू शकेल. मी न्यायाधीश नाही. एवढे मात्र दिसते, की किल्ल्या देणारा माणूस पुढे काय होऊ शकते हे न समजण्याइतका भोळा नव्हता. हिशेबात आयुष्य गेलेला माणूस धोक्याचा हिशेब आधी करतो. तो करून त्याने किल्ल्या दिल्या, आणि पळूनही गेला नाही. ज्यांचे पूर्वज महाराजांबरोबर गेले त्यांनीही आपली निष्ठा पाळली, आणि तिची किंमत त्यांनाही होती. दीडशेहून जास्त वर्षे झाली. आता दोन्ही घरांतल्या माणसांनी आपापल्या आजीच्या गोष्टी मोठ्याने सांगायला हरकत नसावी.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. दंगलीनंतर गाव सावरले. जयविलास राजवाडा १८७४ मध्ये उभा राहिला आणि दरबार गोरखीतून तिकडे गेला, तरी दसऱ्याला महाराजांनी गोरखीच्या देवघरात येण्याची चाल राहिली. बाड्याभोवती एकेक इमारत उभी राहिली, पोस्ट, टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, छापखाना, प्रत्येकीची घडण निराळी. सराफ्यातही ग्वाल्हेरी दगडाचे सज्जे, जाळ्या आणि कोरीव तोड्या चढल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी वर्णनांत तर याची गणना हिंदुस्थानातल्या देखण्या रस्त्यांत केलेली आहे. तुम्ही शेवटचे सराफ्यात वर मान करून कधी पाहिले? खाली पाट्या आणि तारा आहेत. त्यांच्या वर नजर न्या. एखाद्या जाळीतून अजून दगडी वेल खाली उतरलेली दिसेल.

रस्त्याचा मूळ धंदा मात्र हळूहळू आटला. सगळीकडे एकच रुपया झाला, तसा बट्टा गेला. रेल्वे, तार आणि मनिऑर्डर आली, तशी हुंडी गेली. बँका आल्या. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, ग्वाल्हेर काही वर्षे अर्धी राजधानी राहिली, आणि १९५६ मध्ये तेही गेले, राजधानी भोपाळला. दरबार नाही तर दरबारचा सराफ कशाला? उरले दागिने. त्यावरही १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा घाला आला. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. सराफ्यातले कारागीर हात बांधून ओट्यावर बसून राहिले. आमच्या घरात ‘चौदा कॅरेट’ हा पुढे कित्येक वर्षे शिवीसारखा शब्द होता. आणि २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला. ग्राहकाच्या दृष्टीने चांगलेच झाले. पण जिथे माणसाच्या शब्दावर काशीला पैसे मिळत, तिथे आता सोन्याच्या कणाकणावर छाप लागतो, हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

आता पुन्हा माझ्या कपाटाखालच्या वहीकडे. मोडी थोडी हाताला लागल्यावर मी ती वाचू लागले. मोठे रहस्य काही निघाले नाही. रोजकीर्द आहे. कोणाकडून किती आले, कोणाला किती गेले. पण दर काही पानांनी एक खाते येते, धर्मादाय. प्रत्येक व्यवहारातून चिमूटभर पैसा त्यात टाकलेला. तो कुठे गेला तेही लिहिले आहे. उन्हाळ्यात प्याऊला, गाईंच्या चाऱ्याला, एका विधवेला महिन्याचे धान्य. ते धान्य नेणाऱ्या बाईचे नाव मराठी आहे, वस्ती आपल्यापैकीच एका गोटातली. मी नाव सांगणार नाही. तिचे नातवंडे-पतवंडे कदाचित इथे बसले असतील. तिला कोण देते हे तिला कळू नये म्हणून ते ‘देवळाकडून’ पोचवावे, अशी बाजूला बारीक नोंद आहे. नोंद आजोबांच्या अक्षरात.

ही एक वही. हातगाडीत अशा साठ-सत्तर तरी होत्या. त्यांत काय होते ते आता मला किंवा कोणालाच कधी कळणार नाही. रद्दीवाल्याचा त्यात दोष नाही, वाळवीचाही नाही. मीच त्या विकल्या. डॉक्टर म्हणून मी रोग्याला म्हणते, जुने कागद आणा, जुने रिपोर्ट आणा, फेकू नका. आणि घरचे जुने कागद मी वजनावर दिले.

म्हणून आज एक मागणे. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघरामागच्या कपाटात मोडीचे कागद आहेत, हे मला माहीत आहे. काहींना वाटते त्यात जहागिरीची सनद निघेल. काहींना भीती वाटते भाऊबंदकीचे काही निघेल. बहुतेक वेळा दोन्ही निघत नाही. निघतो तो किराणा, लग्नाचा खर्च, घोड्याचा चारा, एखाद्या मुलीची खुशाली. रस्त्याचा खरा इतिहास तोच असतो. राजवाडे पायपीट करत गावोगावचे असेच कागद गोळा करत हिंडले, आणि १९१० मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आपल्याला पायपीटही करायची नाही, कागद आपल्याच घरी आहेत.

काय करायचे ते सांगते, नुसखा लिहून देते म्हणा. पुडके सोडण्याआधी ते जसे आहे तसा मोबाईलवर फोटो घ्या. कोणत्या घरात, कोणत्या पेटीत, कोणत्या कागदांबरोबर मिळाले ते लिहून ठेवा. चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उन्हात वाळत घालू नका. स्वच्छ सुती कापडात सैल बांधा, जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर ठेवा. आणि मंडळात या. दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण मोडी वाचायला बसतो. त्यात सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत आणि अकरावीतला एक मुलगाही आहे. कागद तुमचा तुमच्याकडेच राहील. आम्ही फक्त वाचू आणि नक्कल करून ठेवू.

बिनीवाल्याने एकदा निशाण रोवले, की रात्री उशिरा पोचलेल्या माणसालाही आपला बाजार सापडत असे. आपली मुले पुण्या-मुंबईला, परदेशी गेली आहेत. ती कधी परत येऊन विचारतील, आमचा गोट कुठे होता, आमची ओळ कोणती. तेव्हा दाखवायला काही हवे.

माझी वही आता कपाटाखाली नाही. कपाटाच्या पायाखाली मी लाकडाचा ठोकळा घातला आहे. वही मी आज बरोबर आणली आहे, चहाच्या वेळी ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी. हात मात्र आधी कोरडे करून यावे.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्. नमस्कार.